सेफ्टी व्हॉल्व्हची कुजबुज

कुवेतमध्ये हिवाळा आला हे आकाशाकडे बघून कळत नाही, कानाला कळतं. सगळा उन्हाळाभर घरघरणारा एसी एखाद्या सकाळी आपण बंद करतो आणि घर एकदम उघडं पडतं. फ्रीजची गुणगुण, वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी चपला, खालच्या गल्लीत गॅसच्या टाक्या वाजवत जाणारा माणूस, लांबची बांग, हे सगळं इतके महिने दाराबाहेर ताटकळत उभं होतं आणि आता आत आलंय असं वाटतं. परवा फहाहीलच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी असाच एसी बंद केला आणि सवयीने म्हणून गेले, "अहो, आला बरं का तुमचा सीझन!" मग लक्षात आलं की मुलगी क्लासला गेली आहे आणि घरात मी एकटीच आहे. नवरा कुडाळजवळच्या त्याच्या गावी आहे. आणि खरं सांगायचं तर तो शेजारच्या खोलीत असता तरी हे वाक्य त्याला ऐकू गेलं नसतं.

माझा नवरा सुधाकर. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, कागदावर 'तो' म्हणायची चैन करून घेते. शुऐबातल्या एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तो सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा. सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे काय हे कुकर लावणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको. आतला दाब हद्दीबाहेर गेला की आपण होऊन उघडायचं, दाब उतरला की पुन्हा तोंड मिटायचं, एवढंच त्याचं काम. सुधाकरकडे तेलाच्या रिफायनऱ्यांतून येणारे व्हॉल्व्ह मात्र माणसाच्या छातीएवढे. ते खोलायचे, साफ करायचे, बैठक घासून बसवायची, दाब देऊन ठरलेल्या आकड्याला उघडतात का बघायचं, आणि सील लावून परत पाठवायचे. तिथे गेल्यावर ते वर्षानुवर्षं उघडलेच नाहीत म्हणजे सगळं ठीक चाललंय.

"ज्या दिवशी माझो व्हॉल्व्ह उघडात," तो म्हणायचा, "त्या दिवशी थंय कायतरी बिघाडलेला आसतला." चिपळूणची असल्यामुळे त्याचं मालवणी मला लग्नानंतर शिकावं लागलं, आणि ते मी व्हॉल्व्हच्या गोष्टी ऐकतच शिकले.

मला पूर्वी याची गंमत वाटायची. मी शाळेत सोशल सायन्स शिकवते, मुलांनी प्रश्न विचारला नाही तर मला झोप येत नाही. आणि हा माणूस अशा वस्तूवर जीव लावून बसलेला, जिने जन्मात तोंड उघडू नये. आता गंमत वाटत नाही. आपलं काम चांगलं झालंय याचा पुरावा म्हणजे काहीही न घडणं, अशा कामावर माणसाने उभं आयुष्य काढणं सोपं नसतं.

वाफेचं छोटं इंजिन आमच्या घरी आलं ते एका इंग्रज इंजिनिअरकडून. तो निवृत्त होऊन मायदेशी निघाला तेव्हा अर्धवट राहिलेलं ते काम त्याने खोक्यांत भरून सुधाकरच्या स्वाधीन केलं. त्याला खेळणं म्हणणं जिवावर येतं. जुन्या वाफेच्या इंजिनाची हुबेहूब छोटी प्रत, चौरंगावर मावेल एवढी, पण आत खरा तांब्याचा बॉयलर, खरे निखारे, खरी वाफ. मागे चाकं लावलेली फळी जोडली की तीनचार माणसं बसवून ओढून नेईल इतकी ताकद. ते पुरं करायला सुधाकरला किती हिवाळे लागले ते मी मोजलं नाही. सुट्टीच्या दिवशी शुवैखच्या वर्कशॉपांमधून पितळेच्या, गनमेटलच्या कांड्या शोधत फिरायचा आणि खजूर आणावेत तशा पिशवीतून घेऊन यायचा. मी इंजिनाला 'तुमची काळी' म्हणायचे. "काळीचं आटपलं असेल तर जेवायला बसा," हे आमच्या घरातलं शुक्रवारचं वाक्य होतं. दारू नाही, पत्ते नाहीत, फक्त एक इंजिन, म्हणून बिल्डिंगमधल्या बायका मला नशीबवान म्हणायच्या.

पण त्याला वेड इंजिनाचं नव्हतंच. चाकं, धुराडं, शिट्टी हे सगळं लोकांसाठी. त्याचा जीव होता बॉयलरच्या डोक्यावर बसवलेल्या अंगठ्याएवढ्या पितळी व्हॉल्व्हमध्ये. जे कधी उघडू नये म्हणून तो वर्कशॉपमध्ये राबला, ते इथे दर थोड्या वेळाने त्याच्या डोळ्यांसमोर उघडायचं, वाफेचा पांढरा तुरा सोडायचं, आणि कुणाचं काही बिघडायचं नाही. उलट पोरं टाळ्या वाजवायची. त्या वेळी त्याचा चेहरा मी बघितला आहे. मुलगी झाली तेव्हाही तो इतका खूश दिसला नव्हता, हे मी त्याला वेळोवेळी सुनावलेलं आहे.

वाफेचं इंजिन इथे चालवायचं तर हिवाळ्यातच. उन्हाळ्यात वाळवंटात उभं राहायचं म्हणजे आपणच बॉयलर. तरी तयारी उन्हाळ्यातच सुरू व्हायची. नळाच्या पाण्याने बॉयलरमध्ये क्षार धरतात, म्हणून एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी आम्ही बाल्कनीत बादल्या लावून साठवायचो. समुद्राकडची हवा दमट झाली की बादली भराभर भरायची. ती वाहून नेऊन कॅनमध्ये ओतायचं काम माझ्याकडे होतं. बाहेर अंगाची लाही होत असताना हे गार पाणी कॅनमध्ये पडताना ऐकणं मला आवडायचं.

मग पहिल्या थंड सकाळी व्हॉल्व्ह खोलायचा. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर माझ्या शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिका अंथरलेल्या, त्यावर एकेक भाग काढून ठेवलेला. टोपी, स्प्रिंग, बारीक दांडा, मिरीच्या दाण्याएवढी स्टीलची गोळी, आणि ती गोळी जिच्यावर बसते ती बैठक. लिंबाचं फूल, म्हणजे लिंबूसत्त्व, घातलेल्या कोमट पाण्यात सगळं बुडवायचं, म्हणजे वर्षाचा पांढरा थर सुटतो. एकदा मी प्रेमाने चिंच लावून ते पितळ लखलखीत करून ठेवलं होतं. देवाच्या उपकरण्यांसारखं. त्याने भिंग लावून पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

रागावला म्हणून नव्हे, बैठकीची काळजी लागली म्हणून. बैठक म्हणजे एक गोल कड, केसाएवढी अरुंद. ती जितकी अरुंद तितका व्हॉल्व्ह खरा. नवी गोळी बसवताना तिला घासायचं ते नावापुरतं, एकदोन वेळा बोटाने फिरवून. जास्त घासलं की कड रुंद होते, आणि रुंद कडेवर गोळी घट्ट बसून राहते, वेळेला उठत नाही. न उठणारा सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे त्याने मला समजावून सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हणाला, "तसो व्हॉल्व्ह असण्यापेक्षा नसलेलो बरो. निदान माणूस जपून वागता."

आणि मग आवाज. दाब मोजणाऱ्या गेजवर सुई लाल रेघेजवळ आली की व्हॉल्व्ह एकदम सुटत नाही. आधी गोळीच्या कडेने अगदी बारीक वाफ निसटते, वर्गात मागच्या बाकावरच्या मुली कुजबुजतात तशी. ती दिसत नाही, फक्त ऐकू येते. मग ती कुजबुज चढत जाते, आणि मग फस्सकन व्हॉल्व्ह सुटतो. सुधाकरचा सगळा भरवसा त्या पहिल्या कुजबुजीवर. ती बरोबर लाल रेघेशी सुरू झाली पाहिजे, अलीकडे नको, पलीकडे नको. इंजिनाजवळ कान नेऊन, डोळे मिटून तो स्प्रिंगचा दाब ठरवणारा स्क्रू फिरवायचा. गेज काय, खोटंही बोलेल, असं त्याचं म्हणणं. त्याचा एक नियम होता आणि तो त्याने वर्कशॉपमधल्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवला होता. ज्याला कुजबुज ऐकू येत नाही त्याने स्क्रूला हात लावायचा नाही. हा नियम पुढे त्याच्याच अंगावर येणार होता.

वफ्राला अबू फहद यांचं शेत आहे. अबू फहद म्हणजे सुधाकरच्या कंपनीतून निवृत्त झालेले कुवेती गृहस्थ, वजनदार, गुडघेदुखीने बेजार, हिंदी सिनेमे बघून हिंदी शिकलेले. टोमॅटोच्या हरितगृहांमागे त्यांची एक मोठी मोकळी जागा होती. तिथे लोखंडी अँगलचे पाय रोवून सुधाकरने कमरेइतक्या उंचीवर छोटासा गोल रूळ टाकला होता. हिवाळ्यातल्या शुक्रवारी आम्ही सकाळीच निघायचो. रस्त्यावर धुकं, दोन्ही बाजूंना वाळूत उभारलेले सहलीचे तंबू, विझत आलेल्या शेकोट्यांचा वास. गाडीत मागच्या सीटवर काळी, तिच्या शेजारी पाण्याचे कॅन, आणि त्या दोघांच्या मधे अंग चोरून बसलेली आमची रेवा. "व्हाय डझ शी गेट द विंडो?" असं ती विचारायची. रेवाला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतच.

कोळसाही आमचा इथलाच, हुक्क्यासाठी मिळणारा. अबू फहद खुर्चीत बसून त्याची थट्टा करायचे. "क्या मोहंदिस, तुम्हारा गाड़ी शीशा पीता है?" मोहंदिस म्हणजे इंजिनिअर. सुधाकर इंजिनिअर नव्हता आणि हे त्यांना ठाऊक होतं, पण ते त्याला दुसरं काही म्हणायचे नाहीत. त्यांची नातवंडं फळीवर एकामागे एक बसायची, एकमेकांच्या कमरेला मिठ्या मारून. सुधाकर पुढे, अवघडून, गुडघे वर घेऊन. एक फेरी, दोन फेऱ्या, आणि मग रेघेशी आल्यावर कुजबुज, आणि मग तुरा. मुलं ओरडायची. थंड हवेत तो तुरा खूप वेळ टिकायचा. वेलदोड्याचा वास असलेली अरबी कॉफी, म्हणजे गाहवा, टोमॅटोच्या पानांचा हिरवा वास आणि गरम तेलाचा वास एकत्र झाला की मला आजही तो शुक्रवार आठवतो.

तो एक हिवाळा काही वर्षांमागचा. सुरुवात नेहमीसारखीच झाली होती. नवी गोळी, नवी स्प्रिंग, व्हॉल्व्ह छान बसला होता. पहिल्याच शुक्रवारी सुई रेघेला टेकली आणि मला स्पष्ट कुजबुज ऐकू आली. सुधाकर कान लावून उभा होता. बराच वेळ उभा राहिला. मग व्हॉल्व्ह फस्सकन सुटला तसा दचकून मागे झाला.

"गप आसा ह्यो. आधी बोलना नाय, एकदम सुटता. चिकाटता वाटता."

"अहो, बोलला की. मी ऐकलं."

"तुका उगीच वाटता गो."

मी हसले. मला वाटलं, एवढ्या वर्षांच्या कानापुढे माझ्या कानाची काय टाप. त्या आठवड्यात त्याने टेबलावर उत्तरपत्रिका अंथरल्या आणि व्हॉल्व्ह खोलून बैठक थोडी घासली. पुढच्या शुक्रवारी व्हॉल्व्ह पुन्हा कुजबुजला, तो पुन्हा म्हणाला गप्प आहे. पुन्हा टेबल, पुन्हा भिंग, पुन्हा बोटाने गोल गोल फिरवणं. मी म्हणत राहिले की मला ऐकू येतंय, आणि तो दर वेळी मान हलवून, समजूत काढल्यासारखं हसायचा. आता विचार करते तर वाटतं, ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. कच्चा माणूस कंटाळून सोडून देतो. व्हॉल्व्ह चिकटणं ही ज्याची जन्माची भीती, तोच एका चांगल्या व्हॉल्व्हला आठवड्यामागून आठवडा इतका जपेल, इतका जपेल, की त्याची कड झिजवून टाकेल.

जानेवारीत थंडी कडाक्याची पडली. त्या शुक्रवारी फळीवर अबू फहदची धाकटी नात एकटीच होती. डोक्यात लाल लोकरी टोपी. गाडी फिरत होती आणि मी गाहव्याचा पेला हातात घेऊन रुळाजवळ उभी होते. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा सुई रेघेवर होती. मी कुजबुजीची वाट पाहिली. आली नाही. पुढच्या फेरीला सुई रेघेच्या पुढे होती आणि व्हॉल्व्ह खरोखरच गप्प होता. सुधाकर मजेत होता, वाकून निखारे सारखे करत होता.

मी किंचाळले. काय म्हणाले ते आठवत नाही. त्याला तेही आधी ऐकू गेलं नाही. मग गेजकडे त्याची नजर गेली, आणि पुढचं सगळं त्याच्या हातांनी केलं. गाडी थांबवली, मुलीला एका हाताने उचलून माझ्याकडे दिलं, जाळीची खीळ ओढून निखारे वाळूत पाडले, हातपंपाने गार पाणी आत मारत राहिला. सुई थरथरत थांबली आणि मग हळूहळू खाली येऊ लागली. अबू फहद खुर्चीतून उठून उभे राहिले होते. नातीला यातलं काही कळलं नाही, ती माझ्या कडेवरून "कमान! कमान!" म्हणत होती. कमान म्हणजे अजून, आणखी एकदा.

सगळं निवल्यावर सुधाकर वाळूत बसला. हाताला भाजलं होतं, तिकडे लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळाने त्याने मला विचारलं, "आयकलंस तू? गेल्या शुक्रवारी? खराच व्हॉल्व्ह बोललेलो?"

"हो."

"आणि त्याच्या आधी?"

"दर शुक्रवारी."

त्याने खिशातून छोटा पाना काढला, ज्याने तो स्क्रू फिरवायचा, आणि माझ्या हातात ठेवला. मला रडू आलं. तेव्हा मी ते थंडीवर ढकललं, आता ढकलत नाही. मी त्याच्यासाठी रडले. एखाद्याच्या हातातलं काम कुणी काढून घेतलं तर माणूस भांडू शकतो. इथे त्याने आपल्याच नियमाने ते आपल्याच हातून काढून घेतलं होतं.

कान असे जातात हे मला माहीत नव्हतं. सगळा आवाज सारखा मंद होत जातो असं वाटायचं. तसं नसतं. वरचे, बारीक आवाज आधी जातात आणि जाडेभरडे राहतात. माझी हाक पोचायची, कुकरची शिट्टी पोचायची, म्हणून आम्हा दोघांनाही पत्ता लागला नाही. पाखरं गेली होती, गॅसवर पाणी तापतानाचा आवाज गेला होता, रेवाच्या बोलण्यातले स, श गेले होते. त्याला वाटायचं पोरगी इंग्रजी पुटपुटते म्हणून कळत नाही. वर्कशॉपमध्ये सगळ्यांना कानात बोळे घालायला दिलेले असत. हा काढून ठेवायचा. "कानात बोळे घालून व्हॉल्व्हचा काय कळतला?" असा त्याचा सवाल असे. जो आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्याने बोळे घातले नाहीत, नेमका तोच आवाज त्याचे कान घेऊन गेला. याचा राग कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही.

त्या हिवाळ्याचा उरलेला भाग मला सगळ्यात प्रिय आहे, आणि सगळ्यात जड. सुधाकरने जुना व्हॉल्व्ह फेकून दिला आणि कोरा, नवा घडवला. बैठकीला हात लावला तो नावापुरता. मग एका शुक्रवारी आम्ही दोघंच शेतावर गेलो. मी इंजिनाला कान लावून उभी राहिले आणि पाना परत त्याच्या हातात दिला. ठरलं असं की मी ऐकायचं आणि त्याने फिरवायचं. कुजबुज सुरू झाली की मी बोट वर करायचं. त्याने डोळे मिटले नाहीत. एकटक माझ्या बोटाकडे पाहत राहिला. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही त्याने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. बोट वर केलं. त्याने स्क्रू पाव फेरा फिरवला. पुन्हा ऐकलं. पुन्हा बोट. दुपार होईतो आम्ही तेच करत होतो, आणि शेवटी कुजबुज बरोबर रेघेशी आली. तो एवढंच म्हणाला, "बरो बसलो."

सीझन संपेपर्यंत मी दर शुक्रवारी गाडीबरोबर रुळाकडेने चालायचे, बोट तयार ठेवून. अबू फहद हसायचे. "मदाम मोहंदिस!" मीही हसायचे. रेवा म्हणायची, "आई, यू लुक लाइक अ ट्रॅफिक पोलीस." वाळवंटात मधूनच पाऊस पडून गेला होता आणि कुंपणाशी बारीक हिरवळ उगवली होती. इथली हिरवळ जेमतेम काही आठवडे राहते. आम्हाला तेवढीही पुष्कळ वाटायची.

कामावरची तपासणी मात्र चुकली नाही. कान तपासतात त्या छोट्या खोलीत माणसाला बसवून, कानांवर यंत्र चढवून, आवाज आला की बटण दाबायला सांगतात. सुधाकरने काचेतून नर्सच्या हाताकडे बघून बटण दाबायचा प्रयत्न केला. हे त्यानेच मला सांगितलं, शाळेत कॉपी करताना पकडलेल्या मुलासारखं मान खाली घालून. पकडला गेलाच. त्याला व्हॉल्व्हवरून काढून सामानाच्या गोदामात बसवलं, आणि पुढे करार संपला तो वाढवला नाही. माझा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, शाळेच्या नोकरीवर, रेवाचा माझ्यावर. नवऱ्याला माझ्यावर ठेवून घेणं आमच्या बाबतीत जमलं नाही. रेवाची बारावी होईपर्यंत मी इथे, तो तिथे, असं ठरलं. विमानात बॉयलर नेता येईना, आणि कुडाळला तो नेऊन करायचं काय, असंही तोच म्हणाला.

त्याला कानात घालायचं यंत्र घेऊन दिलं आहे. ते लावलं की माझं बोलणं अर्धंमुर्धं कळतं, पण बारीक आवाज काही परत येत नाहीत. त्यांच्या जागी एक सारखी खरखर येते. मागे विचारलं तेव्हा म्हणाला, ते लावलं की सगळंच वाफ वाटतं. माडाची झावळी हलली तरी वाफ, भाकरी थापली तरी वाफ. म्हणून दिवसभर ते डबीत असतं, आणि माझा फोन यायच्या वेळी बाहेर निघतं.

या वर्षी रेवाची बारावी संपते. उन्हाळ्यात आम्हीही निघू. काळी अबू फहदच्या शेतावरच राहील, त्यांनी तिच्यासाठी हरितगृहाशेजारी छोटी पत्र्याची खोली बांधून घेतली आहे. म्हणजे हा शेवटचा हिवाळा. फोनवर मी हे सुधाकरला सांगितलं. तो म्हणाला, "एकदा वाफ भर. व्हॉल्व्ह तूच कर. माका आयकव."

म्हणून यंदा टेबलावर उत्तरपत्रिका मी अंथरल्या. टोपी, स्प्रिंग, दांडा, गोळी, बैठक. लिंबाचं फूल. भिंगातून बैठकीची कड बघितली, केसाएवढी, शाबूत, आणि तिला हात न लावता गोळी परत ठेवली. जे येत नव्हतं ते फोनवर विचारलं. त्याला प्रश्न ऐकू जायचे नाहीत तेव्हा मी ते कागदावर लिहून फोनसमोर धरायचे आणि तो मालवणीत ओरडून उत्तर द्यायचा. मी स्क्रूशी थबकले की तिकडून दिसायचं. "भिया नको. तुझो कान चांगलो आसा." लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यात चांगलं काय आहे हे या माणसाने पहिल्यांदा सांगितलं.

काल शुक्रवार होता. धुकं दाट होतं, अबू फहद शालीत गुरफटून खुर्चीत, रेवा रुळाशी. बॉयलर पाण्याने भरून दाब देऊन तपासला, तो ठीक निघाला. मग निखारे घातले. सुई जागची हलायला वेळ लागतो, तो वेळ मला नेहमीच जड जातो. सुधाकरचा फोन आला. आधी सगळं दाखवायला लावलं, गेज, आग, पाण्याची नळी. मग म्हणाला, "आता माका दाखवू नको. फोन व्हॉल्व्हच्या बाजूक ठेव. आयकूचा आसा."

इंजिनाच्या मागच्या फळीवर, व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर, मी फोन आडवा ठेवला. त्याच्या बाजूला आता धुक्याखेरीज काही दिसत नसणार. मी कान लावून उभी राहिले. निखारे तडतडत होते, तांबं तापताना बारीक टकटक होत होती, आणि फोनमधून कुडाळच्या अंगणातला कोंबडा आरवत होता. त्यापलीकडे सुधाकरचा श्वास. इतका जवळ, की तो श्वास रोखून ऐकतोय हेही मला कळत होतं.

बराच वेळ गेला. धीर न निघून त्याने विचारलं, "ठेवलंस मा जवळ?"

"ठेवलाय," मी मोठ्याने म्हणाले.

मी पुन्हा कान लावला. कोंबडाही थांबला. आणि मग एकाएकी तो ओरडला, आवाज आनंदाने फाटल्यासारखा, "आयकलंय! आयकलंय गो! काय मस्त बोलता!"

रेवाने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी गेजकडे पाहिलं. सुई लाल रेघेच्या खूप खाली होती आणि व्हॉल्व्ह अजून तोंड मिटून बसला होता.

"हो," मी फोनजवळ वाकून म्हणाले. "छान बोलतोय."